दुपारचं सारवण

१

सारवण हे सकाळचं काम. शेण ताजं असतं, ऊन कोवळं असतं आणि घरातली माणसं अजून जमिनीवर नाचायला लागलेली नसतात. आमची माय जन्मभर सकाळीच सारवत आली. मी गोंदियात शाळेत विज्ञान शिकवते, भाड्याच्या खोलीत फरशी आहे, तरी जाग आली की मला आधी ओल्या शेणाचाच वास आठवतो. म्हणून यंदा मे महिन्यात सुट्टीला गावी गेले आणि ताटं उचलल्याबरोबर माय शेणाची बादली घेऊन ओसरीत बसलेली दिसली, तेव्हा मला हसूच आलं.

"काऊन वं माय, सकाळी तं सारवलं होतं ना?"

"वाळलं," ती म्हणाली.

वाळणारच की! दवनीवाड्याच्या बाजूचं आमचं गाव, मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. भाताच्या बांध्यांना पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. माय सगळी ओसरी सारवत नव्हती, हे मला मग दिसलं. दारापासून तिच्या बसायच्या जागेपर्यंतचा एक पट्टा, तेवढाच. त्यावर ती तळहात असा फिरवत होती, जणू लहान पोराच्या पाठीला तेल लावतेय.

"माय, आता फरशी बसवून देतो मी. किती दिवस शेणात हात घालशील?" गावी आले की मीही इथल्या बायांसारखंच 'देतो, जातो' बोलते.

"नाई," माय म्हणाली. "फरशीवर काई उमटत नाई."

काय उमटत नाही, हे मी विचारायला हवं होतं. पण मी प्रवासानं थकले होते, आणि पिशवीत जी बातमी होती ती कशी सांगावी याचाच घोर लागला होता. मी आत जाऊन आडवी झाले.

२

बातमी चांगली होती. माझा थोरला भाऊ ओमेश निर्दोष सुटला होता. फक्त तो जिवंत नव्हता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आमच्या बांधीला लागून खुशालची बांधी. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एका संध्याकाळी खुशाल त्याच्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मरून पडलेला सापडला. डोक्यात घाव होता. आठवड्याभरापूर्वी पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि ओमेशचं भांडण झालं होतं. मग दोघांचा समेटही झाला होता, इतका की त्या दिवशी सकाळी ओमेश त्याच्याच बांधीत रोवायला गेला होता. आमच्याकडे तसंच असतं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. दुपारी ओमेश मोटर दुरुस्त करायला गोंदियाला निघून गेला आणि घरी सांगायचं विसरला.

रोवणाऱ्या बाया चिखलातला पाय पाहून माणूस सांगतात. दिवसभर वाकून, मान खाली घालून काम करायचं, तर दुसरं दिसणार काय? माय त्यात सगळ्यांची उस्ताद होती. कोणाची टाच जड, कोण अंगठा रोवून चालतं, कोणाचं पोट दुखतंय हेसुद्धा ती पायावरून सांगायची. बाया चेष्टा करायच्या, "सुशिलाबाईले तोंड नोको दाखवा, पाय दाखवा."

त्या संध्याकाळी गावात आवई उठली, की शेतात मुडदा सापडला, आणखीही एक असेल. ओमेश घरी आला नव्हता. माय अनवाणी शेतात धावली. तिथे पोलिसांचे साहेब उभे होते. त्यांनी धुऱ्यावरच्या चिखलात उमटलेल्या एका पायाकडे बॅटरी धरली आणि विचारलं, "बाई, हा पाय ओळखता का?"

करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. जन्मापासूनची. माय आनंदानं ओरडली, "हा तं माया ओमेशचा पाय होय! आपल्या पायानं चालत गेला माया पोरगा! जिता आहे तो!"

तिला वाटलं, पोरगा सापडला. साहेबांनाही तसंच वाटलं.

पाय कोणाचा, एवढंच तिला विचारलं गेलं. तो केव्हाचा, हे कोणीही विचारलं नाही. प्लास्टर ओतून साचा घेतला, ओमेशच्या पायांना शाई लावून ठसे घेतले, नागपूरहून अहवाल आला. जुळतो. जुळणारच, पाय त्याचाच होता ना! कोर्टात उभी करायच्या आधी आमच्या वकिलांनी मायला सांगून पाहिलं, की बाई, ओळखू येत नाही म्हणा. माय म्हणाली, "आता खोटं कसं बोलू? त्याचाच होय." साक्षीच्या पिंजऱ्यात तिच्यासमोर तो पांढरा साचा ठेवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. ते हसू मी अजून विसरलेले नाही. त्या पायाला तिनं तेल चोळलं होतं, काटे काढले होते.

ओमेशला जन्मठेप झाली. निकालाचा अर्थ मायला घरी आल्यावर कळला. त्यानंतर ती रोवायला कधी गेली नाही. ओमेश नागपूरच्या जेलमध्ये असताना तिथल्या सरकारी दवाखान्यात काविळीनं गेला. अपील मी चालू ठेवलं, आणि आता हायकोर्टानं म्हटलं होतं, की एका पायावरून माणसाला खुनी ठरवता येत नाही. खुशालला कोणी मारलं, ते आजही कोणाला ठाऊक नाही.

३

संध्याकाळी मी मायला सांगितलं. आधी मोठ्यानं निकाल वाचला, मग सोप्या भाषेत समजावला. माय तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"म्हणजे आता त्याले कोणी नेणार नाई?"

"माय, ओमेश आता..." मी निकालाच्या कागदांची घडी घातली. "नाही. कोणी नेणार नाही."

"कागदावर?"

"कागदावर."

"त्या साहेबानंबी तसंच म्हणलं होतं," माय म्हणाली. "घाबरू नोको बाई, पाय कोणाचा तेवढं सांग." आणि तिनं सूप उचलून पाखडायला घेतलं.

मला फार एकटं वाटलं. इतकी वर्षं ज्या दिवसासाठी नागपूरच्या चकरा मारल्या, तो दिवस असा सुपातल्या कोंड्याबरोबर उडून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. ओसरीच्या दाराला माय उन्हाळ्यात ओलं गोणपाट लावते, त्यातून येणारा वारा जरा गार लागतो. डोळा लागत होता. तेवढ्यात ओसरीतून आवाज आला. चिखलातून पाय उपसताना होतो तसा. पचक. मग थोडी शांतता. पुन्हा पचक.

बाहेर आले तर माय वाकून भराभर हात फिरवत होती. तिच्या हाताखाली जमिनीवर एक ओला पाय होता. टाच पुसली गेली होती, बोटं राहिली होती. काळ्या, बारीक चिखलाचा ठसा, आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. मी तोंड उघडायच्या आत मायचा हात त्यावरून गेला. उरलं ते फक्त शेण.

"माय, ते काय होतं?"

"कायचं का? शेण होय," माय म्हणाली. तिच्या आवाजात चोरी पकडली गेल्याची भीती होती.

४

मी विज्ञानाची बाई आहे. पोरांना मी सांगते, की आधी साधं कारण शोधा. साधं कारण होतं मायच. एकटी राहते, वय झालं, मन त्या एकाच ठिकाणी अडकून पडलंय. स्वतःच चिखल करून ठसा काढत असेल, स्वतःच पुसत असेल. रात्री ती झोपल्यावर मी तिचे पाय पाहिले. लहानसे, कोरडे, टाचांना भेगा. नखातसुद्धा चिखल नव्हता. सकाळी परस पाहिला, न्हाणी पाहिली. घरात चिखल कुठेच नव्हता. आमच्या बांधीत जाऊन आले. माती दगडासारखी झाली होती. तसा काळा, मऊ चिखल फक्त रोवण्याच्या दिवसांत होतो, आणि त्याला अजून अवकाश होता.

परत येताना शेजारच्या वच्छला काकूंकडे टेकले. त्यांना सगळं नाही सांगितलं. नुसतं विचारलं, की ओमेशच्या दसव्याला पीठ ठेवलं होतं, ते आठवतं का? आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी रात्री जमिनीवर पीठ पसरून वर टोपलं झाकतात, बाजूला दिवा ठेवतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं, पिठात काय उमटलंय. चिमणीचे पाय, मुंगीची वाट, कधी लेकराचा पाय. त्यावरून मेलेला कोणत्या जन्मी गेला ते जुनी माणसं सांगतात. ओमेशचं पीठ कोरं निघालं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, घरात उंदीर नाहीत एवढंच यातून सिद्ध होतं.

"कोरं पीठ चांगलं नसते पोरी," काकू म्हणाल्या. "आपला माणूस येते, उभा राहते. घरच्यानं म्हणा लागते, होय बाप्पा, तू आमचाच होय, जाय आता आपल्या वाटेनं. ओळख देली का जाते तो. नाई तं तसाच उभा राहते बिचारा. जाईन कुठी?"

मी हे सगळं मानत नाही. पण 'तसाच उभा राहते' हे ऐकून मला ओमेश आठवला. जेलमध्ये भेटीच्या दिवशी तो असाच उभा असायचा, जाळीपलीकडे. माय भेटायला कधीच आली नाही. दर वेळी विचारायचा, "माय नाई आली?" आणि मी दर वेळी मायला गुडघ्यांचं दुखणं लावून द्यायचे.

घरी आले आणि मायला सरळ विचारलं. तिनं आधी दाराबाहेर कोणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, "पीठ कोरं नव्हतं वं."

"म्हणजे?"

"मी सगळ्याइच्या आंधी उठलो. टोपलं उचललं. होता त्याचा पाय. पुरा, जसाच्या तसा. मंग मी पिठावर हात फिरवला."

"काऊन माय?"

"तुया काका होता. पोलीस पाटील जेवाले आला होता. कोणी विचारलं असतं, बाई, हा पाय कोणाचा होय, तं मी काय सांगतो?"

"माय, तो मेलाय. मेलेल्याले कोण पकडते?"

"मले का मालूम," माय म्हणाली. "जित्याले तं काई न करता पकडलं."

ती सांगत गेली. तेव्हापासून तो येतो. रोज नाही, पण येतो. आधी अंगणात यायचा, मग पायरीवर. आता ओसरीत येतो, तिच्याकडे तोंड करून. ती पाहते, डोळे भरून पाहते, आणि दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडायच्या आत सारवून टाकते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तशी माझी माय स्वतःच्या लेकाची येण्याची वाट पुसत बसली होती.

"तू त्याच्याशी बोलत नाई?"

"नाई बाप्पा. माया तोंडातून नाव निंगालं तं?"

५

दुसऱ्या दिवशी मी बादली लपवली.

मला सिद्ध काही करायचं नव्हतं. विज्ञान मी त्या दिवशी गोंदियातच सोडून दिलं होतं. मला एवढंच वाटत होतं, की खरं असो, खोटं असो, मायनं एकदा तोंड उघडून म्हणावं, हा माझा आहे. त्याच्यासाठी म्हणावं, आणि तिच्यासाठीही. ओमेश सुटला होता, पण या ओसरीत त्याची सुटका झाली नव्हती.

जेवण झालं. माय भिंतीला टेकून बसली, मी तिच्या शेजारी. बादली नाही हे तिनं पाहिलं. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, तो आवाजही हळूहळू लांब गेला. नंतर काहीच आवाज उरला नाही. चिमण्यासुद्धा गप्प झाल्या.

आधी वास आला. रोवण्याच्या दिवसांतला, कुजलेल्या गवताचा आणि उपसलेल्या मातीचा. मे महिन्यात.

पचक.

अंगणात. मग पायरीवर. दाराचं गोणपाट हललं नाही. पण त्याच्या खालच्या फटीतून जो उजेड आत येत होता, तो दोन जागी अडला. मी मान वर केली नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. फटीत दोन पाय दिसत होते, घोट्यापर्यंत. त्यांना चिखल लागला होता, ताजा, आणि त्यातून पाणी ओघळत होतं. एवढी वर्षं जेलच्या फरशीवर चालून, नागपूरच्या सरकारी दवाखान्यात मरूनही त्या पायांवर त्या सकाळचाच चिखल होता. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

खरं सांगते, भीतीपेक्षा रडू जास्त आलं. मी म्हटलं, "ओम्या, ये. आत ये ना गा."

पाय हलले नाहीत. ते माझ्याकडे वळलेलेच नव्हते. दोन्ही अंगठे मायच्या दिशेला होते.

"माय," मी तिचा दंड धरला. "बोल. 'माया होय' एवढंच बोल. निकाल लागला ना आता. कोणी नाई नेणार. त्याले जाऊ दे माय, बोल."

मायचे ओठ हलत होते. तिनं त्या पायांकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता बोलली, आता उठून जाऊन कवटाळते. ती उठलीही. आणि मग तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला, साक्षीच्या पिंजऱ्यात ओढला होता तसा, आणि हात जोडले.

"नाई साहेब," माय म्हणाली. आवाज अगदी स्पष्ट होता. "हा पाय मी नाई ओळखत. माया पोराचा नोहे हा. मी याले कधी पाह्यलंच नाई."

ओसरीत काहीही हललं नाही. पाणी ठिबकत होतं. मग उजव्या पायाचा अंगठा हळूच जमिनीत रुतला आणि मातीत इकडून तिकडे फिरला. लहानपणी मायनं रागवलं, की ओमेश असाच उभा राहायचा, खाली मान घालून, अंगठ्यानं जमीन उकरत.

मग फटीत टाचा दिसल्या. नंतर उजेड मोकळा झाला. जाताना पावलांचा आवाज आला नाही.

माय धपकन खाली बसली. घामानं भिजली होती, धाप लागली होती. तिनं माझा हात घट्ट धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं.

"वाचला," ती कुजबुजली. "या बारीले वाचवलं मी त्याले."

मी तिला कुशीत घेतलं. दुसरं काय करणार होते?

६

दुसऱ्या दिवशी दुपारी माय ताटं उचलून बादली घेऊन बसली. ऊन उतरलं, तरी तिनं हात बुडवला नाही. सकाळी सारवलेली जमीन स्वच्छ होती. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी तिनं गोणपाट काढून टाकलं, म्हणजे आत यायला अडचण नको. उन्हाची झळ घरभर शिरली.

माझी सुट्टी संपत आली. मायला गोंदियाला चल म्हटलं, तर तिनं मानेनंच नाही म्हटलं. ती ओसरीत बसून अंगणाकडे बघत असे. कोणी येताना दिसलं, की आधी त्याच्या पायांकडे बघे, मग तोंड फिरवून घेई. जेवण कमी झालं. वच्छला काकू दोनदा येऊन बसून गेल्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते. दुपार टळत आली होती.

"नीतू," ती एकाएकी म्हणाली.

"हां, माय."

"त्यानं खरं तं नसंल मानलं ना वं?"

"काय?"

"मी त्याले ओळखत नाई म्हणून."

मी म्हटलं, "नाही माय. त्याले समजलं असंल."

"तुले कसं मालूम?" माय म्हणाली.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लेक शिकलेली आहे, शाळेत पोरांना शिकवते, कोर्टात जाऊन येते, तिला माहीत असणारच, अशा भरवशानं. बादलीतलं शेण वाळून गेलं होतं. मी बादली उचलली आणि ताजं शेण आणायला गोठ्याकडे गेले.